लोमवोगची लाल रेषा

शिकागोत डोंगर नाही. नावाला टेकाडसुद्धा नाही. डेव्हन ॲव्हेन्यूवरून पश्चिमेकडे तोंड करून चालत सुटलं, तर चपला झिजतील पण चढ लागायचा नाही. अशा सपाट गावात, शोभाकाकूंच्या घराच्या तळघरात भाड्याने राहून, वल्लरी मोहरील गेली साडेचार वर्षं एका डोंगराचा अभ्यास करत होती. तो कधी पडेल हे तिला सांगता येत नव्हतं. पडला तर खालचं पाणी कुठवर चढेल, एवढंच तिला सांगायचं होतं.

डोंगर होता नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, लोमवोग नावाच्या गावासमोर. तिथे समुद्र डोंगरांच्या मधून लांबच लांब, अरुंद आणि भयंकर खोल असा आत घुसतो. त्याला फियॉर्ड म्हणतात. अशा एका फियॉर्डच्या कडेला छोटीशी खाडी, आणि खाडीच्या काठाने अडीच हजार वस्तीचं लोमवोग. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली दगडांचा एक बांध आहे, हिमनदीने फार पूर्वी आणून टाकलेला. गावातले लोक त्याला त्यांच्या भाषेत उंबरठाच म्हणतात. बाहेर तीनशे मीटर पाणी, उंबरठ्यावर जेमतेम जहाज सरकेल इतकं, आणि आत पुन्हा खोल, शांत बंदर. समोरच्या काठावर काळा कडा. त्या कड्याच्या माथ्याला सहाशे मीटर लांबीची भेग पडलेली, आणि ती वर्षाला चार बोटं रुंद होत होती.

वल्लरी नागपूरची. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो एकोणिसाव्या वर्षी. पण पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी ती तीन आठवडे लोमवोगला जाऊन आली आणि त्या गावाने तिला धरूनच ठेवलं. जूनचा महिना होता. रात्र म्हणून काही होतच नव्हती. अर्धी जमिनीवर आणि अर्धी पाण्यातल्या खांबांवर उभी असलेली लाल रंगाची नावघरं, पूर्वी खारवलेला मासा वाळत घालून गुळगुळीत झालेले काठाचे खडक, चर्चच्या कळसावरून घिरट्या घालणारा समुद्री गरुड. नावघरांच्या मागे, पाण्यापासून पुरुषभर उंचीवर, खडकात एक गंजलेली लोखंडी कडी होती. जहाज बांधायची.

"पाणी इतकं वर यायचं?" वल्लरीने विचारलं होतं.

"पाणी होतं तिथेच आहे," सिग्रिड म्हणाली होती. "जमीन वर आली. बर्फाचं ओझं उतरलं तेव्हापासून आमची जमीन हळूहळू उठतेय. अजून पुरती उठली नाही."

सिग्रिड गावातली निवृत्त शिक्षिका, शहात्तर वर्षांची. नावघरांमधलं छोटं संग्रहालय ती सांभाळायची. त्या देशात वयाने कितीही मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारतात, हे वल्लरीला पहिले दोन आठवडे जमलंच नाही. ती नाव घेणं टाळून "एक्सक्यूज मी" करत राहायची. शेवटी सिग्रिडनेच तिला दटावलं.

दोन वर्षांपूर्वी वल्लरीचं मॉडेल तयार झालं. तिच्या गाइड प्रोफेसर रूथ केसलर यांनी ते तपासलं, सही केली, आणि अहवाल लोमवोगच्या नगरपालिकेकडे गेला. त्यावरून नगरपालिकेने गावाच्या नकाशावर लाल रेषा आखली. समुद्रापासून नऊ मीटर उंचीपर्यंतची घरं रेषेच्या आत. डोंगराने इशारा दिला की आतल्यांनी बाहेर पडायचं, बाहेरच्यांनी घरीच थांबायचं. प्रत्येक घरात तो नकाशा गेला.

आणि या ऑक्टोबरात डोंगराने इशारा दिला.

अकरा दिवस लोमवोगला पाऊस लागून राहिला होता. कड्यावर रोखलेल्या रडारचे आकडे वल्लरीला इथे शिकागोत दिसायचे. कडा आधी दिवसाला एक सेंटीमीटर सरकत होता, मग तीन. सोमवारी सात. वल्लरीने जेवण वर काकूंकडे घ्यायचं सोडून दिलं. ताट खाली आणायची आणि स्क्रीनसमोर बसून गार करायची.

"पोरी, तुझ्या बघण्याने तो डोंगर थांबणारे का?" शोभाकाकू जिन्यातून म्हणायच्या. "चौदा नोव्हेंबरला डिफेन्स आहे ना तुझा? त्याची तयारी कर."

डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, होती आणि त्यानंतर जानेवारीपासून सांता क्लाराला नोकरीही ठरली होती. व्हिसाच्या तारखा एकमेकींना खेटून उभ्या होत्या. एक सरकली की सगळ्या सरकणार. पण त्या आठवड्यात वल्लरीला त्यातलं काही आठवतही नव्हतं. ती फक्त एकच गोष्ट मनात घोळवत होती: रेषा बरोबर आहे. मी तीनदा तपासली आहे. रेषेच्या आतली माणसं बाहेर काढली की झालं.

मंगळवारी सकाळी सव्वासातला सिग्रिडचा व्हिडिओ कॉल आला. लोमवोगमध्ये तेव्हा दुपारचे सव्वादोन. सिग्रिडच्या मागे नावघराचा दरवाजा उघडा होता आणि बाहेर दोन पुरुष एका हातगाडीवर खोकी चढवत होते.

"संध्याकाळी सहाला घरं सोडायचा भोंगा वाजणार," सिग्रिड म्हणाली. "ओड्वारने सांगितलं." ओड्वार हा नगरपालिकेचा आपत्कालीन अधिकारी. वल्लरी त्याला ओळखत होती. "मी संग्रहालयातल्या वस्तू वर चर्चमध्ये हलवतेय. घाबरू नकोस. तुझ्या नकाशाबरहुकूम सगळं चाललंय."

"तुम्ही कुठे जाणार?"

"मी वर, माझ्या भावाकडे. टॉर्लेफ वृद्धाश्रमात आहे ना. तुझ्या रेषेच्या बाहेर आहे तो, साडेदहा मीटरवर. तिथे नर्सनी माझ्यासाठी एक खाट टाकली आहे." मग तिने एक जाडजूड, काळ्या पुठ्ठ्याची वही कॅमेऱ्यासमोर धरली. "ही बघ. तू आलीस तेव्हा ही सापडली नव्हती. माझ्या आजोबांची. ते वाटाड्या होते. बाहेरून येणारी मिठाची जहाजं उंबरठ्यावरून आत आणायचे. हे अक्षर बघ."

वल्लरीला खरं म्हणजे वही बघायची नव्हती. पण म्हाताऱ्या माणसाला भीती वाटत असली की ते असंच काहीतरी दाखवतं, हे तिला कळत होतं. "वाचून दाखवा ना," ती म्हणाली.

सिग्रिडने चष्मा लावला. "उंबरठा. रोजच्या मध्यम पाण्याला सतरा फूट. वर्षातल्या सगळ्यात खालच्या ओहोटीला तेरा फूट. तेराला मोठं जहाज आणू नये." ती हसली. "खाली रेघ मारली आहे. कोणीतरी आणलं असणार."

"छान आहे," वल्लरी म्हणाली.

कॉल संपला. वल्लरी चहा करायला उठली आणि मध्येच थांबली.

तेरा फूट म्हणजे चार मीटर.

तिच्या मॉडेलमध्ये उंबरठ्यावर चार मीटर पाणी होतं. ते तिला पाठ होतं, स्वतःच्या फोन नंबरासारखं. पण तिच्या मॉडेलमध्ये ते चार मीटर रोजच्या मध्यम पाण्याचे होते. सगळ्यात खालच्या ओहोटीचे नव्हे.

तिने लॅपटॉप उघडला. जमिनीची उंची ज्या शून्यापासून मोजतात ते असतं समुद्राच्या मध्यम पातळीचं. पण खलाशांचे नकाशे खोली मोजतात सगळ्यात खालच्या ओहोटीपासून, म्हणजे काही झालं तरी नकाशात दाखवलंय त्याहून कमी पाणी मिळू नये. दोन नकाशे जोडताना हा फरक मिळवून घ्यायचा असतो. पहिल्या सेमिस्टरला शिकवतात हे. वल्लरीने सगळीकडे मिळवला होता. फक्त उंबरठ्याजवळ खडक आणि शेवाळाचं रान असल्यामुळे मोजणीची नाव गेली नव्हती, आणि तेवढा तुकडा तिने दुसऱ्या वर्षी एका जुन्या सागरी नकाशावरून हाताने भरला होता. फाइल उघडली. तारीख होती. तिचंच नाव होतं. आकडे जसेच्या तसे उतरवलेले होते.

सव्वा मीटरचा फरक. तीनशे मीटर पाण्यात सव्वा मीटर म्हणजे काहीच नाही. पण उंबरठ्यावर चाराच्या जागी सव्वापाच म्हणजे दार जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने जास्त उघडं. डोंगर पडल्यावर उठणारी लाट त्याच दाराने आत येणार होती.

लाल रेषा हवी त्याहून खाली होती.

तिने रूथना फोन लावला. बंद. त्या सकाळच्या विमानाने सिएटलला निघाल्या होत्या, हे तिला आठवलं. अजून तीन तास तरी त्या हवेत. तिने मेल लिहिला, 'अर्जंट' लिहिलं, पाठवला, आणि पाठवल्या पाठवल्या त्याचा काही उपयोग नाही हे तिला कळलं.

मॉडेल पुन्हा चालवायचं तर नऊ तास. आता पावणेआठ. भोंगा वाजायला तिकडे सव्वातीन तास.

शोभाकाकू धुवायचे कपडे घेऊन खाली आल्या तेव्हा वल्लरी जमिनीवर बसली होती. पाठ भिंतीला, लॅपटॉप मांडीवर, आणि डोळ्यांतून पाणी.

"काय गं? आई बरी आहे ना?"

"काकू, माझं चुकलंय," वल्लरी म्हणाली. "रेषा चुकलीये. मी एक बेरीज करायला विसरले. वृद्धाश्रम आत येतो. येत असेल. मला नक्की माहीत नाही. आणि ते सगळे, ते तर आता रेषेबाहेर म्हणून तिथेच राहायला चाललेत."

शोभाकाकूंना उंबरठा, शून्य, मॉडेल यातलं काही कळलं नाही. त्यांनी बादली खाली ठेवली. "कोणाला सांगायला हवं?"

"रूथना. पण त्या फ्लाइटमध्ये आहेत."

"आणखी कोणाला?"

ओड्वारचा नंबर वल्लरीच्या फोनमध्ये होता. पण विद्यापीठाचा अहवाल रूथच्या सहीने गेला होता. एका विद्यार्थिनीने परस्पर फोन करून तो खोटा ठरवायचा, तेही हातात नवा आकडा नसताना? आणि आकडा आला आणि तो नऊच निघाला तर? चौतीस म्हातारी माणसं पावसात विनाकारण बाहेर काढली असं होईल. डिफेन्स, नोकरी, व्हिसा हे सगळंही तिच्या डोक्यातून गेलं, एका क्षणात, आणि गेलं याची तिला लाज वाटली.

"रूथ बोलतील ओड्वारशी," ती म्हणाली. "आजच दुपारी. त्या उतरल्या की."

"तोवर ती माणसं कुठे असतील?"

"खाटांवर."

"मग आधी फोन कर," शोभाकाकू म्हणाल्या. "रडायचं ते नंतर रड. मी इथेच बसते."

आणि त्या खरंच पलंगाच्या कडेवर बसल्या.

ओड्वारने दुसऱ्या रिंगला फोन उचलला. मागे गाड्यांचा आवाज, कोणीतरी ओरडून नावं वाचत होतं. वल्लरीने एका दमात सांगितलं. मध्ये एकदा ती अडखळली तेव्हा तो म्हणाला, "हळू. पुन्हा सांग. किती मीटर?"

"उंबरठ्यावरचं पाणी मी सव्वा मीटर कमी धरलं होतं."

"ते मला कळलं. गावात पाणी कुठवर येईल?"

"मॉडेल चालवायला नऊ तास लागतात."

"माझ्याकडे नऊ तास नाहीत. ऐक. वृद्धाश्रमात चौतीस जण आहेत. अकरा जणांना उठता येत नाही. वारा वाढतोय, आठनंतर फेरीबोट बंद होईल. त्यांना हलवायचं तर मला आत्ता बस वळवावी लागेल. रेषेच्या आतल्या लोकांसाठी ठेवलेली बस. आणि न्यायचं कुठे, तर पलीकडच्या गावातल्या शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये, जमिनीवर गाद्या टाकून. मी ते करेन. पण तू सांग, करू का?"

"मला वीस मिनिटं द्या."

"पंधरा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

वल्लरीने कागद घेतला. मॉडेल म्हणजे लाखो बेरजा-गुणाकार. ते हाताने होत नाहीत. पण उथळ दारातून आत शिरणाऱ्या पाण्याचा अंदाज काढायची एक जुनी, ओबडधोबड रीत असते, कॉम्प्युटर नव्हते तेव्हाची. तिने ती मांडली. पहिल्यांदा उत्तर आलं दहा मीटर. वृद्धाश्रम सुटला. तिने सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच तिला त्या सुटकेची भीती वाटली. पुन्हा मांडलं, भरतीची वेळ धरून. या वेळी बारा. तिसऱ्यांदा अकरा. आकडे तिच्यासमोर वर-खाली होत होते आणि साडेदहा त्यांच्या बरोबर मधोमध उभा होता.

"काय येतंय?" शोभाकाकूंनी विचारलं.

"कधी हे, कधी ते."

काकूंच्या ओठांची हालचाल चालली होती. बहुतेक त्या काहीतरी म्हणत होत्या, देवाचं.

पंधरा मिनिटं झाली. फोन वाजला. वल्लरीला वाटलं, हा माणूस माझा शब्द हातात घेऊन धावत सुटणार आहे आणि मला माझ्या शब्दाखाली जमीन आहे का तेही माहीत नाही.

"हलवा," ती म्हणाली. "चर्चच्या अंगणाच्या भिंतीपर्यंत, म्हणजे बारा मीटरपर्यंत, सगळे. वृद्धाश्रम, शाळेमागची गल्ली, सगळं. माझी खात्री नाही. खात्री नाही म्हणूनच हलवा असं म्हणतेय. हा निर्णय माझा एकटीचा आहे, प्रोफेसर केसलरना मी विचारलेलं नाही. तुम्ही तसं लिहून ठेवा."

"लिहिलं," ओड्वार म्हणाला. त्याने आभार मानले नाहीत, रागावलाही नाही. फोन बंद झाला.

त्यानंतर ती डिपार्टमेंटला गेली, फाइल दुरुस्त केली आणि मॉडेल चालू केलं. स्क्रीनवर टक्केवारी सरकायला लागली. अकराला रूथ उतरल्या. त्यांचा फोन आला तेव्हा वल्लरी जिन्यात जाऊन उभी राहिली.

"तू माझ्याशिवाय नगरपालिकेला फोन केलास?" रूथचा आवाज बारीक आणि थंड होता. "विद्यापीठाचा अहवाल मागे घ्यायचा तुला अधिकार आहे का?"

"नाही."

"नवा रन झाला?"

"एकोणतीस टक्के."

मागे विमानतळावरच्या घोषणा चालल्या होत्या. मग रूथ म्हणाल्या, "तो तुकडा. तू मला दाखवला होतास तेव्हा मी विचारलं होतं का, शून्य तपासलंस का म्हणून?"

वल्लरीने आठवून पाहिलं. "नाही विचारलं."

"नाही," रूथ म्हणाल्या. "नाहीच विचारलं. आणि खाली सही केली." त्यांनी श्वास सोडला. "मी ओड्वारला फोन करते. अहवाल मागे घेतल्याचं पत्र आज जाईल, माझ्या नावाने. तू स्क्रीनसमोरून हलू नकोस."

तोवर तिकडे अंधार पडला होता. सिग्रिडचा एकच मेसेज आला: 'आम्ही बसमध्ये. टॉर्लेफ विचारतोय युद्ध सुरू झालं का.' त्यानंतर काही नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला रन संपला. वल्लरीने आकडा लगेच पाहिला नाही. बाटलीतलं पाणी प्यायली, मग पाहिला. अकरा पूर्णांक तीन. तिने नकाशावर नवी रेषा टाकली. ती वृद्धाश्रमाच्या अंगणातून, जेवणाच्या खोलीतून आणि तळमजल्यावरच्या नऊ खोल्यांमधून गेली. तिला बरं वाटायला हवं होतं. बरं न वाटताच तिने तो नकाशा ओड्वारला आणि रूथना पाठवला.

डोंगर पडला नाही.

बुधवारी बारा सेंटीमीटर सरकला, गुरुवारी पंधरा. शुक्रवारी कड्याच्या एका कोपऱ्यातून ट्रकभर दगड सुटून पाण्यात गेले आणि बंदरातल्या होड्या जरा हलल्या. शनिवारी पाऊस थांबला, रविवारी गोठवणारी थंडी पडली. भेगेतलं पाणी गोठलं असावं. आठ, तीन, एक. नऊ दिवसांनी लोक घरी परतले. वल्लरी त्या नऊ दिवसांत सलग तीन तासांच्यावर झोपली नाही. शोभाकाकू तिला हाताला धरून वर न्यायच्या, वरणभात पुढ्यात ठेवायच्या आणि तो संपेपर्यंत समोर बसायच्या.

डिफेन्स रद्द झाला. रूथ म्हणाल्या, दोन प्रकरणं नव्याने लिही, मे महिन्यात बघू. सांता क्लाराच्या कंपनीने सभ्य शब्दांत कळवलं की त्यांना जागा जानेवारीतच भरायची आहे. मॉडेलवरच्या छापलेल्या पेपरला दुरुस्तीची नोंद जोडली गेली, आणि तिच्या क्षेत्रातल्या सगळ्यांनी ती वाचली.

सिग्रिडचा कॉल नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. ती तिच्या स्वयंपाकघरात बसली होती. केस विंचरलेले, काळा स्वेटर.

"टॉर्लेफ गेला," ती म्हणाली. "शुक्रवारी पुरला त्याला. न्यूमोनिया झाला. त्या हॉलमध्येच खोकला सुरू झाला होता."

एक्क्याण्णव वर्षांचा माणूस. त्या जूनमध्ये त्याने वल्लरीला कॉड माशाचं डोकं कसं सोलतात ते दाखवलं होतं, हात थरथरत असूनही.

"माझ्यामुळे?" तिने विचारलं. विचारायचं नव्हतं. निघून गेलं.

सिग्रिडने लगेच नाही म्हटलं नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरलाही नाही. कदाचित घरीही झालं असतं. या वयात होतं. पण तो घाबरला होता, ते मी पाहिलं. रात्रभर विचारायचा, आपण कुठे आहोत, दिवे कोणी चालू ठेवलेत. मी तुला दोष द्यायला फोन केलेला नाही, वल्लरी. माफ करायलाही नाही. तो तुला ओळखत होता, म्हणून सांगितलं."

"हो," वल्लरी म्हणाली.

"नवीन नकाशाची सभा पुढच्या गुरुवारी आहे. तू ये. स्क्रीनवर का होईना."

त्या गुरुवारपर्यंत वल्लरीने रोज ठरवलं की जायचं नाही. रूथ जातील. रूथनी पत्र दिलंय, त्यांनीच बोलावं. बुधवारी चैत्राली, तिची कॉलेजची मैत्रीण, एडिसनहून फोनवर म्हणाली, "यार, तू कशाला पुन्हा मार खायला जातेस? टेक्निकली तू बरोबर होतीस." वल्लरीला टेक्निकली या शब्दाचा राग आला, आणि त्या रागातच तिने रूथना कळवून टाकलं की मी येते.

लोमवोगच्या शाळेचा हॉल भरलेला होता. वल्लरीला तो स्क्रीनवर एका कोपऱ्यातून दिसत होता, माणसांच्या डोक्यांवरून. ओड्वारने नवी रेषा दाखवली. तिथे जाऊन पोचलेल्या रूथनी चूक कुठे झाली ते साध्या शब्दांत सांगितलं आणि सही आपली होती हेही सांगितलं. मग प्रश्न सुरू झाले. वृद्धाश्रमातली एक नर्स उभी राहिली. चाळिशीची असेल, रुंद खांद्यांची. तिने रूथकडे पाहिलंच नाही.

"मला त्या मुलीला विचारायचंय," ती म्हणाली. "त्या दिवशी मी अकरा जणांना उचललं. डोंगर पडला नाही. टॉर्लेफ गेला. पुन्हा असा दिवस आला, आणि तुझ्याकडे असाच अर्धवट आकडा असला, तर तू फोन करशील का?"

पहिल्या रांगेत सिग्रिड बसली होती. तिने मान वळवली नाही.

वल्लरीने उत्तर तयार केलं नव्हतं. "करेन," ती म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "करेन. पण त्या दिवशी मी फक्त 'हलवा' म्हणाले. कसं हलवणार, कुठे ठेवणार, तिथे ऊब असेल का, हे मी विचारलं नाही. मला पाण्याचं कळतं, माणसं उचलण्याचं कळत नाही. ते तुम्हाला कळतं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, दोन वर्षांपूर्वी, रेषा आखतानाच. मी विचारलं नाही. ती चूक सव्वा मीटरहून मोठी आहे."

नर्स उभीच राहिली. मग म्हणाली, "खाटा हव्यात. गाद्या नकोत, चाकाच्या खाटा. आणि हॉलऐवजी वरच्या शेतावरचं जुनं विश्रामगृह. त्याला हीटर आहे, फेरीबोटीची भानगड नाही."

"ते किती उंचीवर आहे?" वल्लरीने विचारलं.

"ते तू बघ."

वल्लरीने नकाशा उघडला. ओड्वार वहीत काहीतरी लिहीत होता. मागून एका म्हाताऱ्याने ओरडून विचारलं की मग नावघरांचं काय, ती तर पहिल्या फटक्यात जातील, आणि दोघंतिघं एकदम बोलायला लागले. सिग्रिड उठून उभी राहिली आणि शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हणाली की एकेकाने बोला.

"छत्तीस मीटर," वल्लरी म्हणाली. मग तिने शून्य कुठलं धरलंय ते पाहिलं, आणि पुन्हा एकदा पाहिलं. "मध्यम पाण्यापासून छत्तीस."

"चालेल," नर्स म्हणाली आणि खाली बसली.

सभा आणखी दोन तास चालली.